समुद्रावरची नजर आणि तिचा हिशेब

15 ऑक्टोबर 2024 रोजी दिल्लीत एक मोठा करार झाला. अमेरिकेच्या जनरल ॲटॉमिक्स कंपनीची एमक्यू-9बी जातीची एकतीस ड्रोन भारत विकत घेणार आहे. त्यांतली पंधरा नौदलाला मिळतील, आठ भूदलाला आणि आठ हवाई दलाला. व्यवहार सुमारे 32,000 कोटी रुपयांचा आहे. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधानांच्या अमेरिका दौऱ्यात जे संयुक्त निवेदन निघाले, त्यात आणखी सहा पी-8आय विमानांच्या खरेदीचा उल्लेख होता. समुद्रावर गस्त घालणारी अशी बारा विमाने नौदलाकडे आधीपासून आहेत.

अशी बातमी आली की आपल्या मंडळींत दोन सूर हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, "सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाला समुद्राचे काय? आपल्याला तो पाहायचा तर रात्रभर गाडीत बसावे लागते." दुसरा म्हणतो, "एवढ्या पैशात किती दवाखाने झाले असते!" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. देशाभिमानाच्या दोन वाक्यांनी ते झटकून टाकणे बरोबर नाही, आणि "सरकारला कळते" म्हणून गप्प बसणेही बरोबर नाही. आमचा जन्म आकडे तपासण्यात गेला, म्हणून या खरेदीकडे आम्ही हिशेबाच्या नजरेने पाहायचे ठरवले.

समुद्र आपल्यापासून किती दूर?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरातच सापडते. आपल्या जाम नदीचे पाणी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. पाणी जाते त्याच्या उलट दिशेने माल येतो. संत्र्याच्या बागेत आपण जे पोटॅश टाकतो ते सगळेच्या सगळे परदेशातून येते. देशात त्याचे उत्पादन नाही. डीएपी खताचा मोठा भाग, किंवा ते बनवण्याचा कच्चा माल, बाहेरून येतो. ट्रॅक्टरच्या टाकीतले डिझेल ज्या कच्च्या तेलापासून निघते, त्याचा दहांतला आठ भागांहून जास्त हिस्सा आयातीचा आहे. पामतेलही तसेच. आपल्या बोरगावच्या रेमंड कारखान्यात सुटाचे जे लोकरी कापड विणले जाते, त्या प्रकारच्या कापडाला लागणारी बारीक लोकर भारतात मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येते, आणि येते ती जहाजाने.

देशाच्या परदेशी व्यापाराचा वजनाने सुमारे 95 टक्के आणि किमतीने सुमारे 70 टक्के भाग समुद्रमार्गे होतो, असे जहाजबांधणी मंत्रालय सांगते. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हूथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा कित्येक जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. वळसा पडला की दिवस वाढतात, भाडे वाढते, विम्याचा हप्ता वाढतो, आणि तो भार हळूहळू खताच्या पोत्यापर्यंत आणि तेलाच्या डब्यापर्यंत येऊन पोचतो. तेव्हा समुद्र आपल्यापासून दूर आहे हे अंतराच्या दृष्टीने खरे, खर्चाच्या दृष्टीने नाही.

उंचावरून किती दिसते?

दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्याआधी ही विमाने नेमके काय करतात ते पाहू. मुद्दा साधा आहे. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे उभ्या माणसाची नजर एका मर्यादेपुढे जातच नाही. समुद्रकिल्ल्याच्या बुरुजावर, पाण्यापासून तीस मीटर उंचीवर उभा असलेला पहारेकरी साधारण वीस किलोमीटरवरचे क्षितिज पाहू शकतो. सिंधुदुर्ग किंवा खांदेरीवरून टेहळणी करणाऱ्या मावळ्याला हीच मर्यादा होती, आणि आजच्या युद्धनौकेच्या उंच खांबावर बसवलेल्या रडारलाही पाण्यावरची वस्तू हेरताना जवळपास हीच अडचण येते. आता तोच पहारेकरी नऊ हजार मीटर उंच नेला, तर क्षितिज सुमारे 340 किलोमीटरवर जाते. अंतर सतरा पट झाले, म्हणजे नजरेखालचे क्षेत्रफळ पावणेतीनशे पटींहून अधिक झाले. गस्तीच्या विमानाचे सगळे महत्त्व या एका गुणाकारात आहे.

आपल्या किनाऱ्यालगतचा जो समुद्र कायद्याने आर्थिक हक्काचा आहे, तोच वीस लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भरतो. देशाच्या जमिनीच्या निम्म्याहून मोठा हा पट्टा. नौका कितीही बांधल्या तरी एवढ्या पाण्यावर नुसत्या नौकांनी पहारा होत नाही.

पी-8आय हे विमान बोइंग 737 या प्रवासी विमानाच्या सांगाड्यावर बनवलेले आहे. तळापासून सुमारे 2,200 किलोमीटर दूर जायचे, तिथे चार तास घिरट्या घालायच्या आणि परत यायचे, एवढा त्याचा आवाका. ते रडारने पाण्याचा पृष्ठभाग पाहते. पाणबुडी शोधायची असेल तर पाण्यात सोनोबॉय नावाचे तरंगते श्रवणयंत्र टाकते आणि पाण्याखालचा आवाज ऐकते. त्याच्याजवळ टॉर्पेडो आणि जहाजविरोधी क्षेपणास्त्रेही असतात. ड्रोनचे काम वेगळे. ते सावकाश उडते, पण तीस तासांहून अधिक वेळ हवेत राहू शकते. वैमानिक जमिनीवर बसलेले असतात आणि पाळीपाळीने ते चालवतात. माणूस थकतो म्हणून विमानाला परतावे लागते, तशी अडचण त्याला नाही. ड्रोन एका जागी नजर लावून बसते. विमान बोलावले की धावत जाते. म्हणून नौदलाला दोन्ही हवी आहेत.

गोव्याला ही विमाने नवी नाहीत. दाभोळीचा आयएनएस हंसा हा नौदलाचा तळ गोवा मुक्तीनंतर 1964 मध्ये तिथे आला. 1976 मध्ये सागरी टेहळणीचे काम हवाई दलाकडून नौदलाकडे आले, आणि पुढच्याच वर्षी रशियन बनावटीची आयएल-38 विमाने गोव्यात दाखल झाली. 1 ऑक्टोबर 2002 रोजी याच तुकडीचा रौप्यमहोत्सव चालू असताना दोन आयएल-38 विमाने हवेत एकमेकांवर आदळली. नौदलाचे बारा जण गेले, आणि खाली जमिनीवरचे नागरिकही दगावले. शेवटचे आयएल-38 ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाले. त्याच्या आधीच, मार्च 2022 मध्ये, पी-8आय विमानांची दुसरी तुकडी आयएनएस हंसावर उभी राहिली. पहिली तुकडी तमिळनाडूत अरक्कोणमला आहे. म्हणजे पूर्वेच्या समुद्रावर एक डोळा आणि पश्चिमेच्या समुद्रावर दुसरा.

हे डोळे केवळ युद्धासाठी नसतात. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-305 नावाचा बार्ज बुडाला. त्यावर 261 माणसे होती, देशाच्या निरनिराळ्या राज्यांतून कामाला आलेली. खवळलेल्या समुद्रात त्यांना शोधण्यासाठी युद्धनौकांबरोबर पी-8आयही उडाले होते. कित्येकांचे प्राण वाचले, कित्येकांचे गेले. आपल्या भागातली मुलेही आता वेल्डर, फिटर म्हणून मुंबईकडच्या अशा कामांवर जातात.

तीन घटना

आता दुसरा प्रश्न. पैसे योग्य ठिकाणी जात आहेत का? याचे उत्तर किमतीत शोधण्याआधी तीन घटना शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात.

पहिली आपल्या सगळ्यांच्या मनावर कोरलेली. 26 नोव्हेंबर 2008. दहा अतिरेक्यांनी समुद्रात 'कुबेर' हा पोरबंदरचा ट्रॉलर पळवला, मुंबईजवळ येऊन रबरी होडीत बसले आणि रात्री साडेआठच्या सुमारास कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. 166 लोकांचा बळी गेला. या घटनेत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की त्यांना उतरताना कोणीच पाहिले नाही असे नव्हते. वस्तीतल्या लोकांनी त्या अनोळखी तरुणांना पाहिले होते, हटकलेही होते. त्याही आधी, समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो असे इशारे यंत्रणेत आले होते. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने नंतर हेच नोंदवले की आलेली गुप्त माहिती नीट हाताळली गेली नाही. म्हणजे डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले, पण हातापर्यंत निरोप पोचला नाही. आणि 1993 मध्ये रायगडच्या शेखाडीला आरडीएक्स उतरले होते, हा धडा पंधरा वर्षे आधीच मिळालेला होता.

दुसरी घटना तीन वर्षांनंतरची, आणि ती आता फारशी कोणाला आठवत नाही. 'एमव्ही पवित' नावाचे सुमारे हजार टनांचे जहाज जून 2011 च्या अखेरीस ओमानकडच्या समुद्रात खलाशांनी सोडून दिले. खलाशी वाचले, जहाज बुडाले असावे असे समजले गेले. पण ते बुडाले नव्हते. पावसाळ्याच्या वाऱ्यावर महिनाभर तरंगत ते 31 जुलैला मुंबईच्या जुहूच्या किनाऱ्याला येऊन लागले. नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस असे तीन पदरी कवच 26/11 नंतर उभारले होते. त्या तिन्ही पदरांतून एक रिकामे जहाज, ज्यावर लपणारे कोणी नव्हते, दिवसाढवळ्या आत आले. सकाळी फिरायला आलेल्या लोकांनी ते पाहिले. इथे दोष निरोपाचा नव्हता. इथे डोळाच नव्हता.

तिसरी घटना मार्च 2024 ची. 'रुएन' हे मालवाहू जहाज सोमाली चाच्यांनी डिसेंबर 2023 मध्ये पळवले होते आणि तेच ते नव्या लुटीसाठी वापरू लागले होते. भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे 2,600 किलोमीटरवर आयएनएस कोलकाताने त्याला गाठले. वरून पी-8आय आणि ड्रोन लक्ष ठेवून होते. हवाई दलाच्या सी-17 विमानाने नौदलाचे कमांडो त्यांच्या होड्यांसह समुद्रात उतरवले. चाळीस तासांहून जास्त चाललेल्या या कारवाईत पस्तीस चाचे शरण आले आणि जहाजावरचे सतराही खलाशी सुखरूप सुटले. चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात देण्यात आले. त्यांच्यावर खटला चालवता यावा म्हणून 2022 चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा आधीच करून ठेवलेला होता.

तिन्ही घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. 2008 मध्ये माहिती होती, पण ती योग्य हातात पोचली नाही. 2011 मध्ये माहितीच नव्हती. 2024 मध्ये विमान, ड्रोन, नौका, कमांडो, पोलीस आणि कायदा हे सगळे एका साखळीत होते. विमान ही त्या साखळीची एक कडी आहे. ती महागडी आहे, आवश्यकही आहे, पण एकटी ती काहीच वाचवत नाही. 26/11 च्या रात्री आकाशात पी-8आय असते तरी, रबरी होडीत दहा माणसे आहेत ही खबर घेऊन कोण, किती मिनिटांत, कुठे पोचणार होते? ही विमाने घेताना विचारायचा खरा प्रश्न हा आहे.

खरेदीचा तक्ता

बँकेत ट्रॅक्टरचे कर्ज प्रकरण आले की फक्त कोटेशन पाहून आम्ही सही करत नसू. शेतकऱ्याकडे जमीन किती, डिझेलचा खर्च कसा निघणार, चालवणारा कोण, हंगामाबाहेर ट्रॅक्टर भाड्याने जाणार का, बिघडला तर मिस्त्री कुठे मिळणार, हे सगळे विचारून मग प्रकरण पुढे जायचे. कारण कर्ज बुडते ते ट्रॅक्टर महाग असल्यामुळे नव्हे, तो दारात उभा राहिल्यामुळे बुडते. लष्करी विमानांनाही हाच नियम लागतो.

पहिल्या आठ पी-8आय विमानांचा करार जानेवारी 2009 मध्ये झाला, 26/11 नंतर जेमतेम पाच आठवड्यांनी. किंमत सुमारे 210 कोटी डॉलर. या खरेदीवर कॅगने 2018 मध्ये संसदेत आलेल्या अहवालात नेमके तेच बोट ठेवले, जे बँकेचा कोणताही तपासनीस ठेवेल. बोइंग आणि स्पेनची एक कंपनी अशा दोन निविदा तुलनेला होत्या. स्पॅनिश कंपनीच्या किमतीत वीस वर्षांच्या देखभालीचा खर्च धरला गेला. बोइंगच्या किमतीत तो नव्हता, तो पुढे वेगळ्या करारात ठरायचा होता. तक्त्यातल्या दोन रकान्यांत दोन वेगळ्या गोष्टी मांडल्या तर स्वस्त कोण हे कसे ठरणार? तरी बोइंगची निविदा सर्वांत कमी ठरली. कॅगने आणखीही नोंदवले, की करारातल्या अटीप्रमाणे भारतात जे काम परत यायचे होते ते वेळेत पूर्ण झाले नाही, रडारच्या मर्यादांमुळे ठरवलेले सगळे क्षेत्र विमानाच्या नजरेखाली येत नाही, आणि आवश्यक दारूगोळा वेळेवर घेतला गेला नाही.

विमान वाईट आहे असा याचा अर्थ नाही. नौदलाचे अधिकारी त्यावर समाधानी दिसतात. 2016 मध्ये आणखी चार मागवली गेली आणि तीही आली. पण खरेदी चांगली झाली का हा प्रश्न वस्तू चांगली आहे का या प्रश्नापेक्षा वेगळा आहे. बाजारातून चांगला बैल आणला तरी तो दामदुप्पट भावाने आणला का, हे घरचे माणूस विचारणारच.

खर्ची मालाचा हिशेबही विसरू नये. पी-8आय पाण्यात जे सोनोबॉय टाकते ते परत मिळत नाहीत. काम झाले की बुडतात. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेने भारताला फक्त सोनोबॉय विकण्यासाठी 5.28 कोटी डॉलरपर्यंतच्या विक्रीला मंजुरी दिली. विमान एकदा घेतले जाते, ही खरेदी मात्र विमान उडते आहे तोवर चालू राहते.

ड्रोनच्या बाबतीत वर्तमानपत्रांनी 32,000 कोटींना एकतीसने भागून "एक ड्रोन हजार कोटींना" असा आकडा काढला. तो भागाकार गणिताने बरोबर, हिशेबाने चूक. त्या रकमेत जमिनीवरची नियंत्रण केंद्रे आहेत, क्षेपणास्त्रे आहेत आणि भारतात देखभाल-दुरुस्ती केंद्र उभारण्याचा भाग आहे. या वेळी देखभालीचा खर्च व्यवहाराच्या आत आणला गेला, ही 2009 च्या तुलनेत सुधारणा म्हणावी लागेल. पण ड्रोन यायला वेळ आहे. पहिली 2029 च्या आसपास अपेक्षित आहेत. तोपर्यंत 2020 पासून भाड्याने घेतलेल्या ड्रोनवर काम भागवायचे. त्या दोनपैकी एक सप्टेंबर 2024 मध्ये यांत्रिक बिघाडामुळे चेन्नईजवळच्या समुद्रात उतरवावे लागले. आणि येमेनच्या आकाशात हूथींनी अमेरिकेची याच घराण्यातली अनेक ड्रोन क्षेपणास्त्रांनी पाडली आहेत. जिथे शत्रूकडे चांगली हवाई संरक्षण यंत्रणा आहे तिथे हे सावकाश उडणारे यंत्र सोपे लक्ष्य ठरते. चाचे, तस्कर, अनोळखी जहाजे आणि पाणबुड्यांच्या वावरावर नजर ठेवायला ते उत्तम. खुल्या लढाईत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

दुकानदार एकच असला तर

गरज खरी आहे, यात आम्हाला शंका नाही. 2014 मध्ये चिनी पाणबुडी दोनदा कोलंबो बंदरात आली. 2017 मध्ये चीनने आफ्रिकेच्या जिबुतीत तळ उघडला. ऑगस्ट 2022 मध्ये चीनचे 'युआन वांग 5' हे उपग्रह-क्षेपणास्त्रांचा मागोवा घेणारे जहाज श्रीलंकेच्या हंबनटोटाला लागले. पाकिस्तान चीनकडून आठ नव्या पाणबुड्या घेतो आहे. शेजारी रात्री कुंपणाभोवती फिरू लागला तर आपण दिवा लावतोच.

पण दिव्याची वायर कोणाच्या घरातून येते, हेही पाहावे. पी-8आय अमेरिकन, एमक्यू-9बी अमेरिकन, त्यांचे बरेचसे सुटे भाग अमेरिकन. फेब्रुवारी 2025 मध्ये दोन्ही देशांच्या निवेदनात मैत्रीचे शब्द होते. ऑगस्ट 2025 मध्ये त्याच अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावले. आपण रशियाचे तेल घेतो हे त्यामागचे एक कारण दिले गेले. अशा वेळी टेहळणीची बहुतेक यंत्रे एकाच दुकानातून घेतलेली असणे ही जोखीम आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर सगळी ठेव एकाच खात्यात. याआधी हीच स्थिती रशियन विमानांबाबत होती, तेव्हा देश बदलला तरी सवय बदललेली नाही.

घरचे पर्याय उभे राहत आहेत, पण सावकाश. कानपूरच्या कारखान्यात बनलेली डॉर्नियर विमाने किनाऱ्याजवळची गस्त बरीच वर्षे सांभाळत आहेत. वडोदऱ्याला टाटा आणि एअरबस यांचा सी-295 विमानांचा कारखाना ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला. याच सी-295 ची सागरी टेहळणीची आवृत्ती, नौ नौदलासाठी आणि सहा तटरक्षक दलासाठी, घ्यायला फेब्रुवारी 2024 मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली आहे. हैदराबादला अदानी समूहाने इस्रायली तंत्रावर 'दृष्टी-10' ड्रोन जुळवले आणि जानेवारी 2024 मध्ये ते नौदलापुढे आले. पुढच्या वर्षी त्यातले एक पोरबंदरजवळ चाचणीत समुद्रात पडले. अपयश येणारच. घरचा मिस्त्री चार कामे बिघडवून शिकतो, पण शिकला की रात्री-अपरात्री हाकेला येतो.

लहान होडीचा प्रश्न

शेवटी, ज्या मार्गाने 2008 चे अतिरेकी आले त्या मार्गाकडे परत वळू. मोठे जहाज दुरून ओळखता येते, कारण त्यावर आपले नाव-गाव सतत सांगणारे यंत्र असते. अडचण लहान होड्यांची आहे. पश्चिम किनाऱ्यावर रोज हजारो होड्या मासेमारीला निघतात. पी-8आयच्या पडद्यावर त्या सगळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. त्यांतला कोणता ठिपका कोळ्याचा आणि कोणता पळवलेल्या 'कुबेर'चा, हे आकाशातून कळत नाही. वीस मीटरहून लहान होड्यांवर असे यंत्र बरीच वर्षे सक्तीचे नव्हते.

यावरचा उपाय तुलनेने स्वस्त आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी एक योजना सुरू केली. किनारपट्टीच्या राज्यांतल्या एक लाख मच्छीमार होड्यांवर इस्रोच्या तंत्राचे ट्रान्सपाँडर बसवायचे, खर्च सुमारे 360 कोटी रुपये. वादळाची सूचना होडीपर्यंत जाते, संकटातल्या होडीची हाक किनाऱ्यापर्यंत येते, आणि कोणती होडी आपली हे नौदलाला कळते. ड्रोनच्या रकमेच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा. शंभराला सव्वा रुपयाही भरत नाही. पण हे एक लाख नग बसले नाहीत, तर 32,000 कोटींचे ड्रोन समुद्रावर नुसते ठिपके मोजत बसेल. या दोन बातम्यांपैकी वर्तमानपत्रात कोणती पहिल्या पानावर आली आणि कोणती आतल्या, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा. ही विमाने आणि ड्रोन घेणे चैन नाही. ज्या देशाचे खत, तेल आणि लोकर समुद्रावरून येते त्याला ती लागणारच. पण पुढच्या वेळी अशी बातमी आली की "किती घेतली" एवढ्यावर न थांबता आपण चार गोष्टी विचाराव्यात. देखभालीचा खर्च किमतीत धरला आहे का? दुरुस्ती देशात होणार का? दिसलेली खबर ज्याने कारवाई करायची त्याच्यापर्यंत किती मिनिटांत जाते? आणि लहान होड्यांवर ट्रान्सपाँडर किती बसले? आपले खासदार दर काही महिन्यांनी भागात येतात. रेल्वेथांबा आणि संत्र्याचा भाव यांच्याबरोबर यातला एखादा प्रश्न त्यांना विचारायला हरकत नाही. संसदेत प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांना आपणच दिलेला आहे.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून आपल्याकडची कुटुंबे सुट्टीत कोकणाकडे, गोव्याकडे जास्त जाऊ लागली आहेत. किनाऱ्यावर असताना काही संशयास्पद दिसले, तर सागरी पोलिसांचा मदत क्रमांक 1093 आणि तटरक्षक दलाचा 1554 हे दोन आकडे मोबाइलमध्ये असू द्यावेत. कफ परेडला त्या रात्री पहिली नजर पडली होती ती वस्तीतल्या साध्या माणसांचीच.